प्लॅटफॉर्मच्या अटी आणि विक्रेत्याचे हक्क: मुंबईतल्या ऑनलाइन विक्रेत्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लालबागला मसाले करणाऱ्या ताई, मालाडला इमिटेशन ज्वेलरी करणारं जोडपं, धारावीत चामड्याच्या पर्सेस शिवणारे भाऊ, मंगलदास मार्केटमधले कापडवाले. माझ्याकडे येणाऱ्या ऑनलाइन विक्रेत्यांचे धंदे वेगळे असतात, पण फाइल उघडली की प्रश्न तेच निघतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. मी वकील आहे आणि विक्रेत्यांच्या बाजूने काम करतो, त्यामुळे माझा कल कुणीकडे आहे ते उत्तरांत दिसेलच. प्रत्येक प्लॅटफॉर्मचा करार वेगळा असतो, म्हणून वाचताना तुमचा करार शेजारी उघडून ठेवा.

मी सही कुठेच केली नाही, फक्त ‘मान्य आहे’वर टिक केलं. तरी करार झाला का?

हो, झाला. 1872 चा भारतीय करार कायदा सर्वसाधारणपणे कागद आणि शाई मागत नाही. करार करायला पात्र असलेल्या दोन्ही बाजूंची मोकळी संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू एवढं असलं की कलम 10 पूर्ण होतं. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 10अ आलं. करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो अमान्य होत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करारही धरला. त्यामुळे ‘वाचलं नव्हतं’, ‘इंग्रजीत होतं’, ‘अकाउंट सीएंच्या ऑफिसातल्या मुलाने उघडून दिलं’ यांतल्या कशावरही भिस्त ठेवू नका.

उलट, 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मार्केटप्लेसवर विकण्याआधी विक्रेत्याचा प्लॅटफॉर्मशी लेखी करार असावाच लागतो. म्हणजे करार नव्हताच असं म्हणणं तुमच्याच अंगाशी येतं.

आणि करार म्हणजे टिक केलेलं एक पान नव्हे. त्या पानात फीचं कोष्टक, रिटर्नचं धोरण, पॅकिंगचे नियम, दंडाचा तक्ता यांच्या लिंक असतात आणि तेही कराराचा भाग धरले जातात. एकदा एका ताईंचा करार आम्ही ऑफिसात छापायला घेतला. मुख्य करार पटकन संपला, लिंकमागची पानं छापताना मात्र प्रिंटरमध्ये दोनदा कागद भरावे लागले. ज्या दंडासाठी त्या आल्या होत्या, तो तिसऱ्या लिंकच्या आत होता.

इतका एकतर्फी करार कोर्ट मान्य कसा करतं?

हा प्रश्न लोक चिडून विचारतात, आणि ती चीड मला रास्त वाटते. 1986 मध्ये ब्रोजो नाथ गांगुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, दोन पक्षांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचं अंतर असेल आणि दुबळ्याला ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून पर्यायच नसेल, तर त्यातली अन्यायकारक अट करार कायद्याच्या कलम 23 खाली सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरू शकते. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की, दोघेही व्यापारी असतील आणि व्यवहार व्यापारी असेल तर हे तत्त्व लागू होणार नाही अशी शक्यता आहे. प्लॅटफॉर्मचे वकील नेमकं तेच वाक्य वाचून दाखवतात. परळच्या खोलीत पापड लाटणारी बाई आणि देशभर गोदामं असलेली कंपनी, दोघंही कागदावर ‘व्यापारी’ ठरतात.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना आली, पण ती ग्राहकाशी केलेल्या करारापुरती आहे. युरोपीय संघाने 2019 मध्ये खास विक्रेत्यांसाठी नियम केले आणि ते जुलै 2020 पासून लागू झाले. तिथे अटी बदलायच्या तर साधारणपणे किमान 15 दिवस आधी कळवावं लागतं, आणि विक्रेत्याची सेवा पूर्ण बंद करायची तर बहुतेक प्रकरणांत कारणांसह 30 दिवस आधी. आपल्याकडे विक्रेत्यासाठी असा कायदा नाही. या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते.

म्हणून संपूर्ण करार रद्द करून घेण्याच्या मागे लागू नका. ज्या एका अटीने तुमचं नुकसान झालं, तिच्यावर बोट ठेवा. खाली तसंच केलं आहे.

मी प्लॅटफॉर्मचा ग्राहकच आहे ना? मग ग्राहक आयोगात जाता येईल?

बहुतेक वेळा नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा 2019 च्या कायद्याने ‘ग्राहक’च्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. ई-कॉमर्स नियमांतली तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा ही तरतूदही ग्राहकांच्या तक्रारीसाठी आहे.

मात्र तुमचा ग्राहक तुम्हाला आयोगात खेचू शकतो, आणि तेही त्याच्या गावी. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथे त्याला तक्रार करता येते. तुमच्या दादरच्या दुकानातून गेलेल्या पार्सलवर नागपूरच्या आयोगाची नोटीस आली तर दचकू नका, पण ती बाजूलाही टाकू नका. अशा वेळी प्लॅटफॉर्म आपण फक्त मध्यस्थ आहोत असं सांगतो, आणि करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमाखाली वकिलाचा खर्चसुद्धा तुमच्याकडे मागू शकतो.

खातं अचानक बंद केलं. कारण विचारलं तर ‘धोरणाचं उल्लंघन’ एवढंच येतं. काय करू?

लालबागच्या त्या ताई अशाच आल्या होत्या. गणपतीच्या तोंडावर, गोडा मसाला आणि मालवणी मसाल्याच्या ऑर्डरी भरात असताना. फोनवर दर अर्ध्या तासाने तोच मेल यायचा, तळाशी ‘या ईमेलला उत्तर देऊ नये’ असं लिहिलेला. त्यांनी अकरा वेळा अपील केलं होतं आणि प्रत्येक अपिलात रडकुंडीला येऊन नवीन काहीतरी लिहिलं होतं. एकात तर ‘चूक झाली, माफ करा’ असंही. चूक कोणती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

तसं कधीही लिहू नका. न केलेल्या चुकीची कबुली पुढे तुमच्याविरुद्ध वाचली जाते. अपील एकदाच आणि मुद्देसूद करा: कोणत्या कलमाखाली कारवाई झाली, कोणत्या ऑर्डरमुळे, आणि माझी सोबत जोडलेली बिलं व परवाने पाहून निर्णय कळवा. मसाल्यासारख्या खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, पाकिटावर वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता हे सगळं आधी तपासून घ्या. पुष्कळदा मूळ तिथेच असतं.

कायद्याचं बोलायचं तर करारात साधारणपणे दोन दारं असतात: ठरावीक दिवसांची नोटीस देऊन करार संपवणं, आणि गंभीर कारणाने तत्काळ बंद करणं. प्लॅटफॉर्मने कोणतं दार वापरलं ते शोधा. तत्काळचं दार वापरलं असेल तर ते गंभीर कारण होतं का, हा पुराव्याचा प्रश्न होतो आणि तिथे तुम्हाला बोलायला जागा मिळते.

पण मला तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. नोटीस देऊन संपवता येणारा करार चालू ठेवायला भाग पाडणारा आदेश कोर्ट सहसा देत नाही. विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं (स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं) कलम 14 आडवं येतं. 1991 मध्ये अमृतसर गॅस सर्व्हिसच्या प्रकरणात करार संपवणं चुकीचं ठरूनही सर्वोच्च न्यायालयाने वितरकाला एजन्सी परत दिली नाही, फक्त 30 दिवसांच्या नोटीस-काळाची भरपाई दिली. म्हणून खातं परत मिळवण्यासाठी अपील जरूर करा, पण कायदेशीर ताकद लावायची ती दोन गोष्टींवर: अडकलेले पैसे आणि अडकलेला माल.

मालाबाबत तुमची बाजू भक्कम असते. भिवंडीच्या गोदामात ठेवलेला तुमचा माल खातं बंद झालं म्हणून प्लॅटफॉर्मचा होत नाही. तो त्यांच्याकडे निक्षेप म्हणून, म्हणजे सांभाळायला दिलेला असतो, आणि करार कायद्याच्या कलम 160 प्रमाणे काम संपलं की परत करावा लागतो. साठवणुकीचे आणि माल परत पाठवण्याचे पैसे ते करारानुसार मागू शकतात. मात्र ‘इतक्या दिवसांत नेला नाही तर नष्ट करू’ अशी अट अनेक करारांत असते, म्हणून माल परत मागणारा मेल खातं बंद झाल्याच्या आठवड्यातच पाठवा, नगांच्या यादीसह.

माझे विक्रीचे पैसे थांबवले आहेत. सगळे जप्त करू शकतात का?

काही काळ थांबवणं आणि कायमचं जप्त करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिटर्न येतील, ग्राहक पैसे परत मागतील, म्हणून ठरावीक मुदत रक्कम राखून ठेवण्याची अट सहसा टिकते. ती मुदत संपल्यावर हिशेब द्यावाच लागतो.

जप्तीसाठी करार कायद्याचं कलम 74 लक्षात ठेवा. करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी तो जास्तीत जास्त मर्यादा असते, कोर्ट देतं ती वाजवी भरपाई. 1963 च्या फतेह चंद निकालापासून हे चालत आलं आहे आणि 2015 मध्ये कैलाश नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की, मुळात नुकसानच झालं नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही. एका वस्तूवर ब्रँडची तक्रार आली म्हणून उरलेल्या चाळीस वस्तूंचे पैसे गिळणं या कसोटीवर अवघड आहे.

पत्रात भावना नको, आकडे हवेत. शेवटच्या सेटलमेंटची तारीख, त्यानंतर पोचलेल्या ऑर्डरींची यादी, प्रत्येकीची रक्कम, वजा कमिशन, वजा रिटर्न, आणि तळाशी येणं बाकी. एवढं एका पानावर मांडलं की समोरच्याला नुसत्या ठरीव उत्तरावर सुटणं कठीण जातं.

माझ्याकडे उद्यम नोंदणी आहे. 45 दिवसांत पैसे देण्याचा कायदा लागू होईल ना?

इथे फार गैरसमज आहेत. एमएसएमई विकास कायदा 2006 म्हणतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्या खरेदीदाराने 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. दात असलेला कायदा आहे. पुरवठादार जिथला, तिथल्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकलेल्या पैशांचे वाद याच कायद्याखाली पाहणाऱ्या यंत्रणेकडे, अर्ज करता येतो. 2022 मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करारात लवादाची (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या निवाडाकर्त्याकडे नेण्याची) अट असली तरी हा मार्ग बंद होत नाही.

अडचण ‘खरेदीदार’ या शब्दाची आहे. मार्केटप्लेसवर तुमचा माल प्लॅटफॉर्म विकत घेत नाही, ग्राहक घेतो. प्लॅटफॉर्म फक्त पैसे गोळा करून तुमच्याकडे वळते करतो, आणि ‘आम्ही खरेदीदार नाही’ हे करारात ठळक लिहिलेलं असतं. एखादी घाऊक कंपनी तुमच्याकडून थेट बिलावर माल उचलत असेल तर मात्र ती खरेदीदार आहे आणि कायदा तिला लागू आहे. तुमच्या बिलावर नाव कोणाचं आहे ते पाहा.

दुसरी अडचण: तुम्ही स्वतः बनवता की आणून विकता? जुलै 2021 मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. धारावीत पर्स शिवणाऱ्याला 45 दिवसांचं संरक्षण आहे. तीच पर्स त्याच्याकडून घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला ते नाही.

रिटर्नमध्ये भलतीच वस्तू आली, आणि क्लेमची मुदत उलटली. हक्क संपला का?

मालाडच्या जोडप्याने टेबलावर एक खोका ठेवला होता. त्यांनी पाठवला होता कुंदनचा हार. परत आलेल्या खोक्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला, हूक तुटलेला मण्यांचा सर होता, आणि खोक्यावरची चिकटपट्टी दोन वेगवेगळ्या रंगांची. नवऱ्याने खोका उघडताना व्हिडिओ काढला होता, पण लेबल कापून झाल्यावर फोन सुरू केला. त्यामुळे ट्रॅकिंग नंबर त्यात आलाच नाही आणि क्लेम फेटाळला गेला.

व्हिडिओ लेबलपासून सुरू करा: आधी ऑर्डर आणि ट्रॅकिंग नंबर, मग सहाही बाजू, मग कात्री. मध्ये कट नको.

मुदतीबद्दल. ‘अमुक दिवसांत क्लेम केला नाही तर हक्क सोडला असं धरू’ अशा अटीसाठी करार कायद्याचं कलम 28 आहे. 1997 मध्ये त्यात झालेल्या बदलानुसार ठरावीक मुदतीनंतर हक्कच नष्ट करून दाद मागणं अडवणारी अट तेवढ्यापुरती रद्द असते. करारभंगाच्या दाव्याला मुदत कायद्याने तीन वर्षं दिली आहेत, ती अशा अटीने कमी होत नाहीत. यावर प्लॅटफॉर्म असं म्हणेल की ती भरपाई म्हणजे आमची ऐच्छिक सवलत आहे, तिच्या अटी आम्हीच ठरवणार. सवलत म्हणून असेल तर त्यात तथ्य आहे. पण पार्सलची ने-आण त्यांनीच केली असेल आणि माल त्यांच्या ताब्यात बदलला गेला असेल, तर तुमचा मूळ दावा सवलतीवर अवलंबून नसतो. पोर्टलवरचा क्लेम मुदतीत कराच, आणि तो फेटाळला तरी तिथे सगळं संपलं असं समजू नका.

न विचारता कमिशन वाढवलं. हे चालतं?

करारात बदलाचा अधिकार राखून ठेवलेला असतो आणि ‘सेवा वापरत राहिलात म्हणजे मान्य’ असंही लिहिलेलं असतं. बदल कळवल्यावर तुम्ही विकत राहिलात तर पुढच्या ऑर्डरींना नवा दर लागू होतो, हे धरून चाला. मागच्या ऑर्डरींना मात्र नाही. करार कायद्याच्या कलम 62 प्रमाणे झालेला करार बदलायला दोघांची संमती लागते, आणि जी ऑर्डर जुन्या दराने पूर्ण झाली तिचा हिशेब जुन्याच दराने व्हायला हवा. बदलाची तारीख आणि त्या आधीच्या-नंतरच्या ऑर्डरी वेगळ्या काढून ठेवा. संदिग्ध वाक्याचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा असं जुनं तत्त्व आहे, आणि फीच्या कोष्टकात संदिग्ध वाक्यं भरपूर सापडतात.

करारात लिहिलंय की दावा बंगळुरूला किंवा दिल्लीलाच. मी मुंबईत. आता?

ज्या दोन-तीन ठिकाणच्या कोर्टांना मुळात अधिकार आहे, त्यातलं एक निवडण्याची मुभा पक्षांना असते. 1971 च्या हकम सिंग प्रकरणापासून हे ठरलं आहे, आणि 2013 च्या स्वस्तिक गॅसेस निकालाने ‘फक्त’ हा शब्द नसला तरी निवडलेलंच कोर्ट धरायचं असं सांगितलं. ज्या कोर्टाचा मुळात काही संबंधच नाही, त्याला करारातून अधिकार देता येत नाही. प्लॅटफॉर्मचं नोंदणीकृत कार्यालय त्या शहरात असेल तर संबंध असतोच. त्यामुळे या अटीविरुद्ध भांडण्यात पैसे घालवू नका असं माझं मत आहे.

लवादाची अट असेल तर वेगळं पाहावं लागतं. लवादाचं ‘आसन’ जे शहर, तिथल्या कोर्टाचाच त्या लवादावर अधिकार, हे 2017 च्या इंडस मोबाइल निकालातून पक्कं झालं. त्या प्रकरणात आसन मुंबई होतं. तुमच्या करारात कोणतं शहर आहे ते शब्दशः वाचा.

इथे विक्रेत्याच्या हातात एक चांगलं हत्यार आहे. ‘लवाद आमची कंपनी नेमेल’ असं लिहिलं असेल तर ते चालत नाही. 2015 च्या दुरुस्तीने आलेलं लवाद कायद्याचं कलम 12(5) आणि 2019 चा पर्किन्स ईस्टमन निकाल यांमुळे ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याला एकट्याने लवाद नेमता येत नाही. अशी नेमणूक झाली तर लगेच लेखी हरकत घ्या आणि दोघांच्या संमतीने किंवा कोर्टामार्फत लवाद नेमण्याची मागणी करा. तातडीने पैसे किंवा माल वाचवायचा असेल तर कलम 9 खाली कोर्टाकडून अंतरिम आदेश मागता येतो.

खर्चाचं खरं सांगतो. येणं पंधरा-वीस हजारांचं असेल तर लवादाची फी त्याच्या वर जाईल. मग वकिलाची एक चोख नोटीस, स्पीड पोस्टने नोंदणीकृत कार्यालयाला, पोच जपून, एवढ्यावर बरीच प्रकरणं मिटवावी लागतात. रक्कम लाखांत गेली की पुढच्या पायऱ्या चढा.

लवादाची अट नसेल आणि मुंबईला अधिकार असेल तर कुठे जायचं?

3 लाख रुपये किंवा त्याहून मोठा वाद व्यावसायिक न्यायालय कायदा 2015 खाली येतो. त्याचं कलम 12अ सांगतं की तातडीचा अंतरिम आदेश नको असेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थी करावीच लागते. 2022 च्या पाटील ऑटोमेशन निकालाने हे बंधनकारक ठरवलं. ही मध्यस्थी विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते आणि विक्रेत्याला ती उपयोगाची पडते, कारण पोर्टलवर कधीच न भेटलेला कंपनीचा जिवंत माणूस तिथे समोर येण्याची शक्यता असते.

महिला विक्रेत्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. बचत गटातल्या कितीतरी जणींना हे माहीतच नसतं, आणि फीच्या भीतीने त्या वीस-तीस हजारांवर पाणी सोडतात.

थेट हायकोर्टात रिट किंवा पोलिसांत तक्रार?

रिट म्हणजे मुख्यतः सरकारी यंत्रणेविरुद्धचा अर्ज, त्यामुळे खासगी कंपनीने करार मोडला म्हणून तो सहसा चालत नाही. पोलीस ठाण्यात ‘दिवाणी बाब आहे’ असं सांगून परत पाठवतील, आणि निव्वळ हिशेबाचा वाद असेल तर ते चुकीचं नाही. कोणी तुमच्या नावाने बनावट खातं उघडलं किंवा बँक तपशील बदलून पैसे वळवले, तर मात्र 1930 वर लगेच फोन करा.

मोठ्या ब्रँडने ‘नकली माल’ म्हणून तक्रार केली. माझा माल अस्सल आहे, बिलं आहेत.

प्लॅटफॉर्म आधी लिस्टिंग उतरवतो आणि मग विचारतो, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 मधलं मध्यस्थाचं संरक्षण त्याला गमवायचं नसतं. त्याच्याशी भांडण्यापेक्षा तक्रारदाराला गाठा. कायदेशीररीत्या घेतलेला अस्सल माल पुढे विकणं ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 30(3) प्रमाणे उल्लंघन ठरत नाही, मालाची स्थिती बदललेली किंवा तो खराब झालेला नसेल तर. बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध त्याच कायद्याचं कलम 142 आणि कॉपीराइट कायद्याचं कलम 60 तुम्हाला दावा लावू देतं. वितरकाचं बिल, त्यावरचा जीएसटी नंबर आणि बॅच नंबरचा फोटो जोडून ब्रँडच्या पत्त्यावर लिहा की तक्रार मागे घ्या.

माझे फोटो दुसरा विक्रेता वापरतोय. अटींमध्ये मी तशी परवानगी दिली आहे का?

बहुधा प्लॅटफॉर्मला दिली आहे. फोटोचा मालकी हक्क तुमच्याकडेच राहतो, वापराचा परवाना मात्र त्यांना मिळतो. त्यावरून दुसऱ्या विक्रेत्याला तुमच्या लिस्टिंगला चिकटून तुमचं नाव आणि फोटो वापरण्याची मोकळीक मिळते असं मात्र नाही. 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका कपडे विक्रेत्याच्या प्रकरणात अशा ‘चिकटण्या’ला चाप लावला. फोटोची मूळ फाइल, कॅमेऱ्यातली तारीख आणि फोटोग्राफरचं बिल जपा. फोटो बाहेरच्या माणसाकडून काढून घेतले असतील तर हक्क तुमच्याकडे आल्याचं एक लेखी पत्र त्याच्याकडून घ्या.

दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर विकू नका असं सांगू शकतात?

परकीय गुंतवणूक असलेल्या मार्केटप्लेसला नाही. केंद्र सरकारच्या डिसेंबर 2018 च्या प्रेस नोट 2 प्रमाणे अशी कंपनी विक्रेत्याला फक्त आपल्याकडेच विकण्याची सक्ती करू शकत नाही आणि विक्रेत्यांना सेवा देताना भेदभाव करू शकत नाही. हा नियम फेब्रुवारी 2019 पासून लागू आहे. ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टची चौकशी करायचे आदेश दिले होते. मात्र एकट्यादुकट्याचं अडकलेलं पेमेंट काढून द्यायला स्पर्धा आयोग नाही. बाजार बिघडवणारी वागणूक असेल तरच आणि शक्यतो संघटनेमार्फत तिकडे जा.

पार्सलमध्ये स्वतःच्या वेबसाइटचं कार्ड टाकणं हा वेगळा मुद्दा आहे. ग्राहक बाहेर वळवायला बहुतेक करार मनाई करतात, आणि त्यावरून खाती बंद झालेली मी पाहिली आहेत.

खातं बहिणीच्या नावावर आहे, धंदा मी करतो. चालेल ना?

करार बहिणीशी आहे, त्यामुळे दावा, नोटीस आणि जबाबदारीही तिची. शिवाय तुमचं जुनं खातं बंद झालेलं असेल तर ‘संबंधित खातं’ म्हणून तिचंही जातं. धंदा तुमचा असेल तर नोंदणी तुमच्या नावावर करा.

प्रत्येक पेमेंटमधून कर कापतात, तो दंडच ना?

नाही, तो तुमचाच पैसा आहे. जीएसटीचा टीसीएस (प्लॅटफॉर्मने आधीच गोळा केलेला कर) जुलै 2024 पासून 0.5 टक्के आहे, आयकराचा टीडीएस (आधीच कापलेला कर) ऑक्टोबर 2024 पासून 0.1 टक्के. पहिला तुमच्या जीएसटी कॅश लेजरमध्ये दिसतो, दुसरा आयकर खात्याच्या 26एएस या कर-विवरणात. कापला आणि तिथे दिसला नाही, तर प्लॅटफॉर्मला लेखी विचारा.

खातं चालू आहे तोवर काय काय जपून ठेवू?

खातं बंद झालं की लॉगिनही जाऊ शकतं, आणि मग तुमचाच हिशेब तुम्हाला दिसत नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे उतरवून घ्या: सेटलमेंट अहवाल, ऑर्डर आणि रिटर्नची यादी, गोदामातल्या मालाची यादी, फीची बिलं, सगळे नोटीस-मेल आणि त्या दिवशीच्या अटींचं पान पीडीएफ करून. पानाच्या कोपऱ्यातली तारीख यायला हवी.

नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. जालन्याच्या एका निवडणूक वादात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण हजर करत नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये त्या प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांत आहे. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. यासाठी मूळ फाइल हवी. व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला फोटो किंवा व्हिडिओ दाबून लहान झालेला असतो आणि त्याची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. मालाडच्या जोडप्याने खोका उघडतानाचा व्हिडिओ मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि फोनमधली जागा रिकामी करायला मूळ पुसून टाकला होता. आता त्यांच्या कामाच्या टेबलाखाली दीडशे रुपयांचं मेमरी कार्ड स्टीलच्या डबीत असतं, आणि डबीवर महिन्याचं नाव लिहिलेलं असतं.